हिंडलग्याच्या भिंतीपलीकडे



माझे लहानपण बेळगावात गेले. घरात कुणी फार दांडगाई केली की आजी दरडावायची, "हिंडलग्याला धाडू का?" हिंडलगा म्हणजे तुरुंग, आणि त्या तुरुंगात फाशीघर आहे, एवढे आम्हा पोरांना ठाऊक होते. आत काय असते ते कुणीच पाहिले नव्हते. त्या रस्त्याने जाताना सायकलचे पायडल आपोआप जोरात मारले जाई. पुढे वकिलीने मला बंगळुरात आणले. माझे सगळे काम दिवाणी दाव्यांचे, वाटण्यांचे आणि जमिनींचे. फाशीच्या खटल्यात मी कधी उभा राहिलो नाही. पण निकालपत्रे वाचायची सवय होती, आणि वाचता वाचता ध्यानात आले की इथल्या न्यायालयाने फाशी सुनावली की तो माणूस माझ्या गावाला जातो. आपण सणावाराला रात्रीच्या गाडीने जातो तितकाच प्रवास. तिथे पोचला की तो थांबतो. १९८३ नंतर हिंडलग्यात कुणालाही फासावर चढवलेले नाही. चाळीस वर्षांहून अधिक काळ तिथे माणसे येताहेत आणि थांबताहेत.

फाशीची शिक्षा आपल्या कायद्यातून काढून टाकावी असे माझे मत आहे. ते आधीच सांगतो, म्हणजे पुढचे ऐकताना तुम्हाला अंदाज बांधत बसावे लागणार नाही.

समोर बसलेल्या कितीतरी घरांतल्या मुली-सुना इथे रात्रपाळी करतात. १३ डिसेंबर २००५ ही तारीख त्यातल्या जुन्या मंडळींना आठवत असेल. कॉल सेंटरच्या कामावर निघालेल्या एका तरुणीला न्यायला पहाटेपूर्वी गाडी आली. नेमलेला चालक सोडून दुसराच त्या गाडीवर होता. तिच्यावर बलात्कार झाला आणि तिचा खून झाला. सारे बंगळूर हादरले. कंपन्यांच्या गाड्यांसाठी नियम झाले, पहारेकरी आले. आज तुमच्या सुनेला दारापर्यंत सोडून तिची सही घेतली जाते, त्यामागे ती मुलगी आहे. पुढे दोन वर्षेही झाली नव्हती, तेवढ्यात १ नोव्हेंबर २००७ च्या रात्री पुण्यात तेच घडले. बीपीओत काम करणारी तरुणी, कंपनीने ठरवलेली गाडी, तिचा चालक आणि त्याचा साथीदार. गाडी कामाच्या ठिकाणी न जाता गहुंजेच्या बाजूला गेली.

गुन्हा जवळजवळ एकच, बळी पडलेली मुलगी त्याच वयाची, त्याच पेशाची. मराठी घरांत दोन्ही बातम्या सारख्याच संतापाने वाचल्या गेल्या. इथून पुढे मात्र रस्ते वेगळे झाले. बंगळुरातल्या सत्र न्यायालयाने २०१० मध्ये जन्मठेप दिली, ती मरेपर्यंतची. पुण्यातल्या सत्र न्यायालयाने मार्च २०१२ मध्ये दोघांनाही फाशी सुनावली. त्याच वर्षी उच्च न्यायालयाने ती कायम केली आणि मे २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही. मग दयेचे अर्ज सुरू झाले. राज्यपालांनी २०१६ मध्ये नकार दिला, राष्ट्रपतींनी मे २०१७ मध्ये. त्यानंतर फासाची तारीख ठरवायला जवळजवळ दोन वर्षे गेली. फाईल या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहिली. अखेर २४ जून २०१९ ही तारीख ठरली. तीन दिवस आधी मुंबई उच्च न्यायालयाने ती थांबवली आणि २९ जुलै रोजी फाशी रद्द करून पस्तीस वर्षांची कैद दिली. कारण सांगितले, विलंब. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल झाल्यापासून फासाच्या दिवसापर्यंत १,५०९ दिवस गेले होते, आणि दोन माणसांना रोज उद्याच्या मरणाखाली ठेवण्याचा अधिकार शासनाला नाही, असे न्यायालयाचे म्हणणे. महाराष्ट्र शासन दिल्लीला गेले. ९ डिसेंबर २०२४ रोजी तिथेही हेच ठरले.

तो निकाल लिहिला न्यायमूर्ती अभय ओक यांनी. मुंबईचे ओक २०१९ ते २०२१ या काळात आपल्या कर्नाटक उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश होते. बंगळुरातल्या त्या खटल्याचा शेवटचा निकालही त्यांच्याच पीठाचा आहे, २८ मार्च २०२३ चा. त्यात शिक्षा ठरली ती अशी, की तीस वर्षे प्रत्यक्ष भोगल्याशिवाय सुटकेचा विचार नाही. इकडे तीस, तिकडे पस्तीस. मुक्काम जवळपास एकच. फरक एवढाच की पुण्याचा खटला फाशीच्या वाटेने गेला, आणि त्या वाटेने त्या मुलीच्या माणसांना बारा वर्षे दर वेळी नव्याने सांगितले, "आता होईल." आणि ते कधीच झाले नाही.

कोल्हापूरच्या गावित बहिणींचे हेच. लहान मुले पळवून, त्यांच्या आडून चोऱ्या करून, नकोशी झाली की मारून टाकल्याचा तो गुन्हा. त्याची आठवण आजही आमच्या भागातल्या आयांच्या अंगावर काटा आणते. २००१ मध्ये फाशी, २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचे शिक्कामोर्तब. दयेच्या अर्जांवर शासनाने सात वर्षे दहा महिने घालवले, आणि १८ जानेवारी २०२२ रोजी उच्च न्यायालयाने फाशीची जन्मठेप केली. फाशी हवी म्हणणारे सरकार, आणि फाईल घेऊन बसलेलेही सरकारच. त्या मुलांच्या आईबापांचे सत्तरीपर्यंतचे आयुष्य या एका फाईलीबरोबर गेले असेल. हे त्यांच्यासाठी केले, असे आपण कोणत्या तोंडाने म्हणणार?

यावर तुम्ही म्हणाल, दुखणे विलंबाचे आहे, विलंब काढा, फाशी राहू द्या. हा आक्षेप खरा आहे आणि त्याचे उत्तर मी शेवटी देणार आहे, कारण ते उत्तर सहा माणसांचे आहे आणि त्यांना नीट वेळ दिला पाहिजे. आधी पर्यायाचे बोलू.

फाशी नाही तर काय, चौदा वर्षांनी मोकळा सोडायचा? हा प्रश्न मला बसमध्ये, लग्नात, न्हाव्याच्या दुकानातही विचारला गेला आहे. त्याचे उत्तर या देशाला आपल्या शहरातूनच मिळाले, रिचमंड रोडवरून. म्हैसूरचे दिवाण सर मिर्झा इस्माईल यांची एक नात तिथल्या प्रशस्त बंगल्यात राहत असे. १९९१ मध्ये ती नाहीशी झाली. तिचा दुसरा नवरा, स्वामी श्रद्धानंद नावाने वावरणारा माणूस, लोकांना निरनिराळ्या कथा सांगत राहिला. तिच्या मुलीने पिच्छा सोडला नाही, पोलिसांकडे खेटे घालत राहिली, आणि १९९४ मध्ये बंगल्याच्या आवारातली जमीन उकरली तेव्हा पेटीत सांगाडा सापडला. पैशासाठी, थंड डोक्याने केलेला खून. सत्र न्यायालयाने फाशी दिली, उच्च न्यायालयाने ती उचलून धरली. सर्वोच्च न्यायालयात दोन न्यायमूर्तींचे एकमत झाले नाही. तेव्हा प्रकरण तिघांपुढे गेले आणि २२ जुलै २००८ रोजी न्यायमूर्ती आफताब आलम यांनी निकाल लिहिला.

त्या निकालात मला फार मोलाची वाटते ती एक कबुली. आलम यांनी स्वच्छ लिहिले की फाशी टिकते की जाते हे बऱ्याच अंशी पीठावर कोण बसले आहे त्यावर ठरते. सर्वोच्च न्यायालयानेच स्वतःविषयी असे लिहावे, याला मोठे धैर्य लागते. दुसरे, त्यांनी मधली वाट काढली. चौदा वर्षे फार थोडी वाटतात आणि फास फार वाटतो, म्हणून न्यायाधीशाचा हात फासाकडे जातो. मग अशी जन्मठेप द्या की तो माणूस मरेपर्यंत, किंवा ठरवून दिलेली पंचवीस-तीस वर्षे, बाहेर येणार नाही, आणि सरकारच्या सवलतीही त्याला लागू नाहीत. २०१५ मध्ये पाच न्यायमूर्तींच्या पीठाने तीन विरुद्ध दोन मतांनी ही वाट पक्की केली. पुण्याची पस्तीस वर्षे आणि बंगळुराची तीस वर्षे याच वाटेवरची आहेत. समाजाला धोका नको, ही लोकांची मागणी रास्त आहे, आणि ती पुरवायला आता दोराची गरज उरलेली नाही. फाशीच्या बाजूचा सगळ्यांत सज्जड युक्तिवाद २००८ मध्येच निकालात निघाला, हे आपण अजून नीट ध्यानात घेतलेले नाही.

आता बंगळुरातल्याच पीण्या भागातला खटला. १९९८ च्या फेब्रुवारीत तिथे एका घरात शिरून एका विधवा आईवर बलात्कार आणि तिचा खून झाला. गुन्हेगार उमेश, एकेकाळचा केंद्रीय राखीव पोलीस दलाचा जवान. २००६ मध्ये त्याला फाशी झाली आणि तो हिंडलग्याला गेला. तिथे त्याला एकांतकोठडीत ठेवले. कायदा काय सांगतो? १९७८ मध्ये सुनील बत्रा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले होते की शिक्षा अगदी अंतिम होईपर्यंत, दयेचा अर्ज फेटाळला जाईपर्यंत, कैद्याला असे वेगळे कोंडता येत नाही. उमेशचा अर्ज राष्ट्रपतींनी मे २०१३ मध्ये फेटाळला. पण त्याआधी कित्येक वर्षांपासून तो एकटा होता. एकंदर दहा वर्षे.

दहा वर्षे एकट्याने, या शब्दांवर थोडे थांबा. आजीचा दरारा आठवतो मला, आणि तो रस्ता. आम्ही सायकली हाणत जात होतो तेव्हाही त्या भिंतीपलीकडे कुणीतरी असाच बसलेला असेल. संध्याकाळी बेळगावात गार वारा सुटतो, लोक फिरायला निघतात, गणपतीचे ढोल वाजतात, आणि तो आवाज तिथपर्यंत पोचतो. त्या खोलीतल्या माणसाने केलेले कृत्य भयंकर आहे, याबद्दल माझ्या मनात तिळभर शंका नाही. पण कोणत्याही न्यायाधीशाने त्याला एकांताची शिक्षा दिली नव्हती. ती आपण, तुम्ही-आम्ही कर भरणाऱ्यांनी, कायद्याबाहेर दिली. ४ नोव्हेंबर २०२२ रोजी, निवृत्तीला चारच दिवस उरले असताना, सरन्यायाधीश उदय लळीत यांच्या पीठाने या कारणासाठी त्याची फाशी रद्द केली आणि किमान तीस वर्षांची कैद दिली.

आणि मग नोव्हेंबर २०२५ मध्ये बंगळुरातल्या परप्पन अग्रहार तुरुंगातल्या चित्रफिती बाहेर आल्या. त्यांत हाच उमेश मोबाइल हाताळताना दिसला. त्या आठवड्यात मला तीन फोन आले. "बघा तुमची जन्मठेप!" त्यांचा राग मला समजतो. मलाही तितकाच राग आला. त्या बाईच्या मुलाने ती चित्रफीत पाहिली असेल, या विचाराने मी रात्री झोपू शकलो नाही. पण याच तुरुंगखात्याने आधी त्याला बेकायदा कोंडले आणि मग बेकायदा मोकळे रान दिले. ज्या यंत्रणेला एका कैद्याला दहा वर्षे कायद्याने ठेवता येत नाही, तिच्या हाती त्याचा गळा कसा द्यायचा? तुरुंग सुधारायला पैसा लागतो, माणसे लागतात, रोजची देखरेख लागते. फाशीची घोषणा द्यायला यांतले काहीच लागत नाही.

न्यायमूर्ती आलम यांनी जी कबुली दिली, तिचे सर्वांत बोचरे उदाहरण एका मराठी सरन्यायाधीशांच्या हातून गेले आहे. पुण्याचे यशवंतराव चंद्रचूड. १९८० च्या बच्चनसिंग खटल्यात फाशी घटनेत बसते असे म्हणणाऱ्या बहुमतात ते होते. 'दुर्मिळातील दुर्मिळ' हे शब्द त्याच निकालाचे. दोनच वर्षांनी त्यांच्यापुढे हरबन्ससिंगाचा अर्ज आला. एकाच गुन्ह्यात तिघांना सारखीच फाशी झाली होती. तिघांची अपिले वेगवेगळ्या पीठांपुढे गेली. एकाची फाशी १९७७ मध्ये जन्मठेपेत बदलली. दुसरा ऑक्टोबर १९८१ मध्ये फासावर गेला. तिसरा, हरबन्ससिंग, जाता जाता वाचला. चंद्रचूडांनी लिहिलेला तो निकाल वाचताना बहुमतातल्या त्या न्यायमूर्तीची वेदना जाणवते. गेलेल्याला परत आणता येत नव्हते. उरलेल्याची शिक्षा बदलण्याची शिफारस तेवढी त्यांनी केली.

उलटेही घडते. १९९३ मध्ये पालार नदीजवळ वीरप्पनच्या टोळीने सुरुंग लावून बावीस जणांचा बळी घेतला. म्हैसूरच्या टाडा न्यायालयाने चौघांना जन्मठेप दिली. ते अपील घेऊन दिल्लीला गेले आणि २००४ मध्ये फाशी घेऊन परतले. मग हिंडलगा. फेब्रुवारी २०१३ मध्ये दयेचे अर्ज फेटाळल्याची बातमी आली तेव्हा बेळगावातल्या माझ्या भावाने फोनवर सांगितले, गावात दुसरा विषय नाही. सर्वोच्च न्यायालयाने आयत्या वेळी स्थगिती दिली, आणि २१ जानेवारी २०१४ रोजी विलंबाच्याच कारणाने त्यांची फाशी रद्द झाली; त्या एका निकालाने एकंदर पंधरा जण वाचले. जन्मठेप, फाशी, पुन्हा जन्मठेप. पुरावा तोच, माणसे तीच.

दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाने २०१६ मध्ये फाशीच्या कैद्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. खालच्या न्यायालयांनी दिलेल्या फाशींपैकी वरपर्यंत टिकतात शंभरात जेमतेम पाच. फाशीच्या कैद्यांपैकी चारात तीन आर्थिकदृष्ट्या अगदी खालच्या थरातले. आमच्या धंद्यातला माणूस यावर काय बोलणार? चांगला वकील किती घेतो हे आम्हाला माहीत आहे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर ३ जून १९४९ रोजी संविधान सभेत या विषयावर बोलले होते. फाशीच्या अपिलांची चर्चा चालू असताना ते म्हणाले की अपिलाची तरतूद करत बसण्यापेक्षा ही शिक्षाच रद्द करण्याकडे त्यांचा कल आहे. बाबासाहेबांच्या नावाचे चौक आपण गावोगावी केले. त्यांचे हे म्हणणे कुठल्या चौकात ऐकू येत नाही. उलट, प्रत्येक भयंकर घटनेनंतर फाशीचे नवे कलम येते. २०२४ पासून लागू झालेल्या न्याय संहितेत फाशीचे गुन्हे कमी झाले नाहीत, वाढले.

दहशतवादाचा अपवाद ठेवावा, असे अनेक विचारी लोक म्हणतात. न्यायमूर्ती अजित शहा यांच्या अध्यक्षतेखालच्या विधी आयोगाने ऑगस्ट २०१५ च्या अहवालात दहशतवाद आणि देशाविरुद्ध युद्ध वगळून बाकी सगळी फाशी रद्द करावी असे सुचवले. सोलापुरात जन्मलेल्या या माणसाबद्दल मला अतोनात आदर आहे. अपवादाशी मात्र मी सहमत नाही. टाडासारख्या कायद्यात पोलीस अधिकाऱ्यापुढचा कबुलीजबाबही पुरावा ठरत होता. पुरावा जिथे सर्वांत सैल, तिथेच शिक्षा सर्वांत पक्की ठेवायची, हे मला पटत नाही. २६ नोव्हेंबरच्या मुंबईबद्दल तुमच्याइतकाच मी जळतो. कसाबला नोव्हेंबर २०१२ मध्ये येरवड्यात फाशी दिली त्या सकाळी मला हायसे वाटले होते, हेही लपवत नाही. पण हायसे वाटणे ही माझी गोष्ट झाली. कायदा त्यावर उभा करता येत नाही.

आता विलंबाचा आक्षेप. झटपट फाशी का नको?

जून २००३ मध्ये नाशिकजवळ पेरूच्या बागेतल्या एका झोपडीत रात्री दरोडेखोर शिरले. पाच माणसे मारली गेली, बायकांवर अत्याचार झाले. एक बाई आणि तिचा मुलगा वाचले. पोलिसांनी शिंदे आडनावाचे सहा जण पकडले, भटक्या जमातीतले, गरीब, आज इथे उद्या तिथे. जून २००६ मध्ये नाशिकच्या सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. २००७ मध्ये उच्च न्यायालयाने तिघांची फाशी कायम ठेवली, तिघांना जन्मठेप दिली. ३० एप्रिल २००९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या तिघांचीही जन्मठेप फाशीत बदलली. सहा जण, सहा फास. देशातल्या सर्वोच्च पायरीचा शेवटचा शब्द.

त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाच्याच दुसऱ्या पीठाने म्हटले की ज्या जुन्या निकालाच्या आधारावर अशा काही फाशी दिल्या गेल्या, तो निकालच चुकीचा होता. २०१२ मध्ये चौदा निवृत्त न्यायमूर्तींनी राष्ट्रपतींना पत्र लिहिले. त्यांत पी. बी. सावंत होते, अजित शहा होते. त्यांनी तेरा कैद्यांची फाशी रद्द करा म्हटले. तोवर ते सहाही जण आतच होते. त्यांतला एक गुन्ह्याच्या वेळी अठराचाही नव्हता, हे पुढे सिद्ध झाले. २०१८ मध्ये न्यायालयाने आपलाच २००९ चा निकाल मागे घेतला, अपिले पुन्हा ऐकली, आणि ५ मार्च २०१९ रोजी सहाही जण निर्दोष सुटले. सोळा वर्षांनी. प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई द्या, आणि तपास करणाऱ्या दोषी अधिकाऱ्यांवर कारवाई करा, असे न्यायालयाने शासनाला सांगितले.

यंत्रणा चटपटीत असती, तुमच्या-माझ्या मागणीप्रमाणे वर्षभरात दयेचे अर्ज निकाली निघाले असते, तर २०१९ च्या मार्चमध्ये त्यांना सोडायला कुणी उरले नसते. ती माणसे वाचली ती विलंबामुळे. विलंब ठेवला तर छळ होतो, काढला तर निर्दोष मरतात. या दोहोंच्या मधला रस्ता मी तीस वर्षे शोधला, मला तो सापडलेला नाही.

आणि त्या वाचलेल्या बाईचे काय? घटनेनंतर काही दिवसांतच पोलिसांनी तिला गुन्हेगारांच्या छायाचित्रांचा अल्बम दाखवला होता. दंडाधिकाऱ्यांपुढे तिने त्यातल्या चौघांकडे बोट दाखवले. ते चौघे या सहांपैकी कुणीच नव्हते. हे सगळे कागदावर होते, खटल्याच्या फाईलीत, सोळा वर्षे. त्या चौघांचा तपास कुणी केला नाही.